पलटणीचा पट, शाळेचा पट

वसईच्या किल्ल्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला 1739 हे साल शिकवावं लागत नाही. चिमाजीअप्पा, पोर्तुगीज, देवळांत गेलेल्या चर्चच्या घंटा हे सगळं लहानपणापासून कानावर असतं. 1802 चं पान मात्र आम्ही भरभर उलटतो. पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांकडून हार खाऊन दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आसऱ्याला आला आणि त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला वसईत तह झाला. निदान 6000 पायदळाची तैनाती फौज पेशव्याने पत्करली आणि तिच्या खर्चापायी 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. स्वातंत्र्य गेलं, एवढंच आम्ही शाळेत त्याबद्दल लिहीत आलो. कंपनीच्या पलटणीत चाकरी करणारी माणसं कोण होती आणि त्यांची नावं कशी लिहिली जात होती, हे कधी कोणी विचारलं नाही. मला सांगायची आहे ती एका आडनावाची कुळकथा, आणि ती या पलटणींतूनच जाते.

तैनाती फौजेचं मोठं ठाणं शिरूरला पडलं. 1817 च्या 31 डिसेंबरला, म्हणजे तहाला बरोबर 15 वर्षं झाली त्या रात्री, कॅप्टन स्टाँटन तिथून सुमारे 800 माणसं घेऊन पुण्याकडे निघाला. दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावला लढाई झाली. तिथल्या स्तंभावर मेलेल्या शिपायांची नावं कोरली आहेत. त्यांतल्या वीसहून अधिक नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. महारांच्या नावापुढे लागणारा हा जुना मानाचा प्रत्यय. ‘नायक’ या शब्दाशी त्याचं नातं जोडलं जातं. ज्या माणसांना गावात वेशीच्या आत घर नव्हतं, त्यांची नावं पलटणीने दगडावर कोरली. मला त्या लढाईच्या हारजितीपेक्षा ही नावं मोठी वाटतात.

कोकणातून मुंबईच्या लष्करात जाणाऱ्या अशाच घरांपैकी एक घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचं. आडनाव सकपाळ. मालोजी सकपाळ पलटणीत शिपाई होते, त्यांचा मुलगा रामजी सुभेदार झाला. या घराने लष्करातून पगाराबरोबर आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे अक्षर. पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिकणं सक्तीचं होतं. रामजी सुभेदार स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. घर कबीरपंथी, त्यामुळे कबीराचे दोहे आणि रामायण-महाभारताचं वाचन रोजचं. सुभेदारांच्या पत्नी भीमाबाई मुरबाडकरांच्या घरातल्या. त्यांचे वडीलही सुभेदार-मेजर. पालघर जिल्हा 2014 साली वेगळा निघेपर्यंत मुरबाड आणि वसई एकाच ठाणे जिल्ह्यात होते, म्हणजे हे आजोळ आमच्याच जिल्ह्यातलं. माहेरचं आडनाव गावावरून पडलेलं, सासरचं कुळावरून. पुढे सासरचंही गावावरूनच झालं.

रामजी आणि भीमाबाईंचं चौदावं मूल, भीमराव, 14 एप्रिल 1891 ला महूच्या छावणीत जन्मलं. त्याच सुमाराला सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या कामावर आजोबा, वडील आणि आजोळ उभं होतं, त्याचं दार नातवंडांच्या तोंडावर लागलं. दापोलीत राहणारे गोपाळबाबा वलंगकर हेही निवृत्त लष्करी माणूस. त्यांनी या बंदीविरुद्ध अर्ज लिहिला. पेन्शन झाल्यावर रामजी सुभेदारही मुलांना घेऊन आधी दापोलीत आणि मग साताऱ्याला राहिले. साताऱ्यात भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी मुलं सांभाळली.

आता शाळेचा पट. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, पहिलीच्या वर्गात एक नाव दाखल झालं. रजिस्टरमध्ये 1914 या क्रमांकासमोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ असं आहे. सकपाळ तिथे नाही. घरचं नाव गावावरून ‘आंबडवेकर’ असं सांगितलं जाई आणि शाळेतल्या आंबेडकर नावाच्या ब्राह्मण शिक्षकांनी ते आपल्या नावासारखं सुटसुटीत केलं, अशी आठवण सांगतात. हे गुरुजी मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजी-भाकरी या विद्यार्थ्याला देत. ज्या वर्गात त्याला बसायला वेगळं गोणपाट घरून न्यावं लागे, त्याच शाळेत हे घडत होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

रामजी सुभेदार 2 फेब्रुवारी 1913 ला वारले. नुकतेच बी.ए. झालेले भीमराव त्याआधी काही दिवस बडोदा संस्थानाच्या फौजेत लेफ्टनंट म्हणून रुजू झाले होते. तिसऱ्या पिढीच्या अंगावर गणवेश आला तो एवढाच. वडिलांच्या आजाराची तार आली आणि ते मुंबईला परतले.

पण पलटण त्यांच्या मनातून गेली नाही. 1 जानेवारी 1927 ला ते कोरेगावच्या स्तंभापाशी उभे राहिले. मार्चमध्ये महाडला बोलताना त्यांनी दापोलीकडच्या लष्करी पेन्शनरांची आणि बंद झालेल्या भरतीची आठवण काढली. 1941 च्या जुलैत ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

भीमरावांचे थोरले भाऊ आनंदराव. त्यांचे चिरंजीव मुकुंदराव यांनीही आंबेडकर हेच आडनाव लावलं. एका मुलाच्या शाळेच्या पटावर चढलेलं नाव भावाच्या घरातही गेलं होतं.