माशी घरी परतली का?

एखादं कीटकनाशक मधमाशीला घातक आहे की नाही, हे कसं ठरवायचं? वरवर पाहता प्रश्न सोपा आहे. माशीला औषध द्यावं आणि मरते का ते पाहावं. पण याच सोप्या प्रश्नावरून गेली सव्वाशे वर्षं शास्त्रज्ञ, मधपाळ, औषध कंपन्या आणि सरकारं एकमेकांशी वाद घालत आली आहेत. त्या वादाची थोडी हकिगत आज सांगतो.

सुरुवात अमेरिकेतल्या सफरचंदाच्या बागांपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथे फळ पोखरणाऱ्या अळीवर ‘पॅरिस ग्रीन’ नावाची हिरवीगार, आर्सेनिक असलेली भुकटी पाण्यात कालवून फवारत असत. झाडं फुलोऱ्यात असताना फवारणी झाली, की शेजारच्या मधपेट्यांसमोर माश्यांचा सडा पडे. मधपाळ म्हणत, हे फवाऱ्याचं काम. बागायतदार म्हणत, माश्या काय, कशानेही मरतात. ओहायोतले कीटकशास्त्रज्ञ एफ. एम. वेबस्टर यांनी १८९०च्या दशकात फुललेल्या झाडांवर मुद्दाम फवारणी करून पाहिली आणि मेलेल्या माश्यांचं रासायनिक पृथक्करण करून घेतलं. त्यात आर्सेनिक निघालं. ‘फुलोऱ्यात फवारू नका’ हा कृषी पत्रिकांतून आजही छापला जाणारा सल्ला त्या काळातला आहे. त्यात बागायतदाराचंही काही बुडत नव्हतं. पाकळ्या गळाल्यावर केलेली फवारणीच त्या अळीवर अधिक लागू पडते. दोन्ही पक्षांना परवडणारी तडजोड या इतिहासात अशी क्वचितच सापडते.

मोजमापाचं हत्यार मात्र आलं भलत्याच दारातून. १९२७ साली जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी औषधांची ताकद मोजायला एक माप सुचवलं. डिजिटॅलिससारख्या हृदयविकारावरच्या औषधाचा प्रत्येक घाणा सारखाच जहाल निघेल, याची तेव्हा खात्री नसे. म्हणून ज्या मात्रेने निम्मे प्राणी मरतात, ती मात्रा काढायची. हीच एलडी-५०, म्हणजे मध्यम मारक मात्रा. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी, पॅराथिऑन आणि त्यांची भावंडं शेतात उतरली, तेव्हा हे माप माशीलाही लावलं गेलं. पिंजऱ्यात कामकरी माश्या घ्यायच्या, पाठीवर औषधाचा थेंब ठेवायचा किंवा साखरेच्या पाकातून पाजायचं, आणि २४ किंवा ४८ तासांनी मेलेल्या मोजायच्या. कॅलिफोर्नियात लॅरी अ‍ॅटकिन्स यांनी अनेक वर्षं खपून शेकडो औषधं माश्यांवर तपासली. ओईसीडी या संघटनेने १९९८ साली प्रमाण ठरवलेल्या चाचण्याही ढोबळमानाने अशाच आहेत.

या पद्धतीची मी टिंगल करत नाही. ती स्वस्त आहे आणि आज इथे केली, उद्या दुसरीकडे केली, तरी उत्तरं जुळतात. पण पिंजऱ्यातली माशी काम करत नाही. ती मकरंद आणत नाही, पराग साठवत नाही, अळ्यांना भरवत नाही. मधमाशीचं खरं शरीर म्हणजे अख्खं पोळं, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

याचा पहिला मोठा झटका १९७०च्या दशकात अमेरिकेत बसला. मिथाइल पॅराथिऑन हे जहाल औषध फवारणाऱ्या माणसाच्या अंगावर बेतू नये, म्हणून ते अतिसूक्ष्म कुप्यांत भरून विकायची युक्ती निघाली. हेतू चांगलाच होता. पण त्या कुप्या आकाराने नेमक्या परागकणांएवढ्या झाल्या. माश्यांनी त्या परागासोबत गोळा केल्या, पोळ्यात नेल्या आणि हिवाळ्यासाठी साठवल्या. उघडी फवारणी काही दिवसांत उतरते. इथे विष कोठारात जाऊन बसलं आणि फवारणी विसरली गेल्यावरही पोळी मरत राहिली. अमेरिकेत तेव्हा कीटकनाशकांनी पोळी गमावलेल्या मधपाळांना सरकार भरपाई देत असे. १९६७पासूनच्या नुकसानीसाठी ही योजना होती.

१९९०च्या दशकात युरोपात एक सुटसुटीत भागाकार रूढ झाला. हेक्टरी किती ग्रॅम औषध फवारणार, त्याला एका माशीच्या मायक्रोग्रॅममधल्या मारक मात्रेने भागायचं. उत्तर ५०च्या खाली आलं तर धोका कमी. वर गेलं तर जाळीच्या मांडवातल्या आणि शेतातल्या पुढच्या चाचण्या करायच्या. कृषी महाविद्यालयात शिकवत असताना हा भागाकार मी मुलांकडून फळ्यावर करून घेत असे. एखादा विद्यार्थी हटकून विचारी, ‘सर, ५०च का?’ प्रश्न रास्त होता. या ५०मागे निसर्गाचा कुठलाही नियम नाही. मधपाळांनी कळवलेल्या विषबाधेच्या घटना आणि त्या-त्या औषधांचे भागाकार शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा ५०च्या खाली सहसा तक्रार दिसली नाही, एवढंच.

पण औषध फवारलंच नाही तर? हेक्टरी फवाऱ्याचा आकडाच नसेल, तर भागाकार कशाचा करणार?

फ्रान्समध्ये १९९४पासून सूर्यफुलाच्या बियाण्याला ‘गाउचो’, म्हणजे इमिडाक्लोप्रिड, लावलं जाऊ लागलं. बीज रुजतं, औषध रोपाच्या रसातून चढतं आणि थोडंसं पराग-मकरंदातही उतरतं. मधपाळ सांगू लागले, की सूर्यफूल फुललं की माश्या बाहेर जातात, त्या परत येत नाहीत. पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा ढीग नाही, म्हणजे जुन्या पद्धतीने पुरावाही नाही. प्रयोगशाळांना एका किलो परागातले दोन-चार मायक्रोग्रॅम पकडायला शिकावं लागलं. सरकारने १९९९च्या जानेवारीत सूर्यफुलावरचा वापर थांबवला, आणि मक्यावरचा २००४ साली. मधल्या काळात नेमलेल्या शास्त्रीय समितीने २००३ साली सांगितलं, की माशीच्या वाट्याला येणारी मात्रा आणि तिला सोसवेल अशी मात्रा यांचं गुणोत्तर चिंताजनक आहे. कंपनीला ते मान्य नव्हतं. फ्रान्समध्ये हा वाद पुढे कित्येक वर्षं चालला.

जर्मनीत २००८च्या वसंतात वेगळंच घडलं. ऱ्हाइनच्या खोऱ्यात मका पेरताना बियाण्यावरचं क्लोथियानिडिन नीट चिकटलेलं नव्हतं. पेरणीयंत्राच्या हवेने त्याची धूळ उडाली आणि फुललेल्या पिकांवर बसली. सुमारे ११,५०० पोळ्यांना बाधा झाली. बियाण्याला लावलेलं औषध मातीतच राहणार, असं सगळे धरून चालले होते.

मधपाळांचं ‘परत येत नाहीत’ हे म्हणणं मोजणारा प्रयोग २०१२ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रान्सच्या मिकाएल आंरी आणि सहकाऱ्यांनी माश्यांच्या पाठीवर इवल्याशा इलेक्ट्रॉनिक चकत्या चिकटवल्या, त्यांना थायामेथोक्झामची मारक मात्रेच्या साधारण चौथाई मात्रा पाजली आणि पोळ्यापासून दूर सोडलं. पेटीच्या दारावर परतणाऱ्यांची नोंद आपोआप होत होती. औषधामुळे न परतणाऱ्यांचं प्रमाण ओळखीच्या वाटेवर १०.२ टक्के आणि अनोळखी वाटेवर ३१.६ टक्के निघालं. पिंजऱ्यातल्या चाचणीत यातल्या बहुतेक माश्या ‘जिवंत’ म्हणून मोजल्या गेल्या असत्या. टीकाकार म्हणाले, शेतात इतकं औषध एका घोटात पोटात जात नाही. हा आक्षेप वजनदार आहे. तरीही प्रश्नच बदलला, हे माझ्या मते या प्रयोगाचं मोठं काम.

युरोपने २०१३ साली इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तिघांवर अंशतः निर्बंध घातले आणि २०१८ साली उघड्या शेतातला वापर बंद केला. मूल्यमापनाच्या नव्या नियमांवर मात्र एकमत होईना. पोळ्यातली संख्या किती घटली तर चालेल? २०१३च्या मसुद्यात ७ टक्के होते. अनेक देशांना ते जाचक वाटलं, कारण एवढी बारीक घट शेतातल्या चाचणीत पकडायची तर फार मोठ्या संख्येने शेतं लागतात. २०२१ साली कृषिमंत्र्यांनी १० टक्क्यांवर समझोता केला आणि सुधारित नियमावली २०२३ साली आली. हा आकडा सूक्ष्मदर्शकाखाली सापडलेला नाही, तो टेबलाभोवती बसून ठरला आहे. त्यात वावगं काही नाही; फक्त तो शास्त्राचा निकाल म्हणून पुढे करू नये.

आता आपल्याकडे. १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली औषधाची नोंदणी होते आणि मधमाशीवरच्या परिणामाची माहितीही मागितली जाते. सूर्यफुलाच्या बियाण्याला इमिडाक्लोप्रिड लावण्याची शिफारस आपल्याकडेही झालेली आहे. जगभरातल्या बहुतेक चाचण्या मात्र युरोपीय मेलिफेरा माशीवर झाल्या आहेत. आपली सातेरी तिच्याहून लहान, फुलोरी त्याहून लहान, तर आग्या मोठी. मारक मात्रा मायक्रोग्रॅममध्ये दर माशीला सांगतात. माशी बदलली की आकडा बदलू शकतो. शिवाय वेबस्टरपासून आंरींपर्यंत सगळे प्रयोग कुणीतरी पाळलेल्या माशीवरचे. पेटीचा मालक होता, म्हणून तक्रार आली आणि भरपाईही मागता आली. आग्याचं पोळं वडाच्या फांदीला, पाण्याच्या टाकीखाली लटकतं. सूर्यफूल, कांद्याचं बियाणं, डाळिंब या सगळ्यांवर ती येऊन जाते. हंगाम सरल्यावर तशीही ती पोळं सोडून दूर निघून जाते. फांदीवर रिकामं मेण लोंबत असतं. माश्या पुढच्या मुक्कामाला गेल्या की वाटेतच संपल्या, याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.