पाच इंच की सहा इंच? नेमबाजीच्या पिस्तुलाची निवड आणि तिच्यामागचा दीडशे वर्षांचा इतिहास

🧵 (१/१५)
गेल्या महिन्यात पारोळ्याला आजोळी गेलो होतो. मामेबहीण दीड वर्षापासून १० मीटर हवाई पिस्तुलाचा सराव करते. आता तिला २५ मीटर प्रकारात उतरायचे आहे. तिने मोबाइलवर एकाच पूर्ण आकाराच्या ९ मिमी पिस्तुलाच्या दोन आवृत्त्या दाखवल्या आणि विचारले, "दादा, पाच इंची नळीचे चांगले की सहा इंची?" मामा शेजारीच बसले होते. यंदाच्या कापसाच्या पैशांतून काही रक्कम त्यांनी यासाठी बाजूला ठेवली आहे. उत्तर जबाबदारीने देणे भाग होते. मी इतिहासाचा विद्यार्थी, म्हणून उत्तर इतिहासात शोधले. तेच आजच्या धाग्यात मांडतो.

(२/१५)
सुरुवात मामांच्या घरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणाहून करू. पारोळ्याचा भुईकोट किल्ला १७२७ मध्ये जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला. भोवती खंदक, तटाला बुरूज. गावातील लोक आजही हा किल्ला झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या माहेराशी जोडतात. १८५७ च्या उठावानंतर, १८५९ मध्ये, ब्रिटिश सरकारने येथील जहागीरदारावर राजद्रोहाचा ठपका ठेवून गाव आणि किल्ला जप्त केला व किल्ल्याची मोडतोड केली.

(३/१५)
किल्ला पाडणे ही निःशस्त्रीकरणाची ठळक खूण होती. तिला कायद्याचे कायम रूप मिळाले ते १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या शस्त्र कायद्याने. भारतीयाला शस्त्र बाळगण्यासाठी परवाना आवश्यक ठरला. युरोपीयांना मात्र सूट होती. याचा एक परिणाम सहसा कोणी नोंदवत नाही. 'कोणते पिस्तूल घ्यावे' हा प्रश्न पडण्याची चैनच या देशात बहुतांशी गोऱ्या अधिकाऱ्यापुरती उरली.

(४/१५)
त्या अधिकाऱ्यापुढे खरोखरच निवड होती. ब्रिटिश लष्करी अधिकारी आपले रिव्हॉल्व्हर स्वखर्चाने विकत घेत असे. सरकारी काडतूस त्यात बसले पाहिजे, ही मुख्य अट. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याने ही बाजारपेठ ओळखली. १८८७ मध्ये लष्कराने स्वीकारलेल्या वेब्ली मार्क १ ची नळी ४ इंचांची होती: कमरेला सुटसुटीत आणि जवळच्या झटापटीला पुरेशी.

(५/१५)
याच कारखान्याच्या 'डब्ल्यूजी' मालिकेत दोन भावंडे होती. 'आर्मी' आवृत्तीची नळी ६ इंचांची. 'टार्गेट' आवृत्तीची साडेसात इंचांची, आणि तिच्यावर जुळवून घेता येणारी दर्शनी यंत्रणा. एक रणांगणासाठी, दुसरी इंग्लंडमधील बिस्लीच्या नेमबाजी मैदानासाठी. (ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्पर्धा १८९० पासून तेथे भरू लागल्या.) बहिणीने विचारलेला प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी असा दुकानाच्या काउंटरवर मांडलेला होता.

(६/१५)
लांब नळीचा फायदा नेमका कोणता? गोळी अधिक वेगाने जाते, असे बहुतेकांना वाटते. थोडा वेग वाढतोही. पण २५ मीटरवरील कागदी लक्ष्याला त्याचे सोयरसुतक नसते. खरा फायदा भूमितीचा आहे. पिस्तुलाच्या टोकाला 'माशी' असते आणि मागे 'खाच'. या दोहोंतील अंतर जितके जास्त, तितकी डोळ्याची व हाताची चूक लक्ष्यावर कमी मोठी होऊन उमटते.

(७/१५)
हिशेब करून पाहू. माशी व खाच यांत १५० मिमी अंतर आहे आणि माशी खाचेच्या मध्यापासून १ मिमी सरकली. २५ मीटरवर गोळी सुमारे १६७ मिमी बाजूला जाईल. अंतर २२० मिमी असेल, तर तीच चूक सुमारे ११४ मिमींवर येते. अचूकतेच्या फेरीत दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या ५० मिमी व्यासाचे असते. म्हणजे पहिल्या पिस्तुलावर नेमबाजाला जेमतेम ०.१५ मिमी चुकीची मुभा आहे, दुसऱ्यावर ०.२२ मिमी. फरक केसाएवढा, पण पदके याच केसावर तोलली जातात.

(८/१५)
मग सर्वांत लांब नळी घेऊन मोकळे का होऊ नये? कारण वजन टोकाकडे सरकते. एका हाताने, कोपर ताठ ठेवून, साठ गोळ्या झाडायच्या असतात. पुढे झुकणारे पिस्तूल पहिल्या दहा गोळ्यांत स्थिर वाटते आणि पन्नासाव्या गोळीला मनगट थरथरू लागते. शिवाय वेगाच्या फेरीत लक्ष्य ३ सेकंद दिसते आणि ७ सेकंद लपते. त्या ३ सेकंदांत हात ४५ अंशांवरून वर आणून एक गोळी झाडायची असते. लांबी तेथे ओझे ठरते.

(९/१५)
लांबीच सर्वस्व नाही, हे अमेरिकेतील एक उदाहरण अधिक स्पष्ट करते. कोल्ट कंपनीने १९३३ मध्ये आपल्या प्रसिद्ध लष्करी १९११ पिस्तुलाची 'नॅशनल मॅच' आवृत्ती काढली. दोन्हींच्या नळ्या ५ इंचांच्याच. फरक आत होता: निवडक नळी, हाताने घासून बसवलेले भाग, गुळगुळीत चाप. बाहेरून जुळी दिसणारी ही पिस्तुले लक्ष्यावर मात्र वेगळी वागत. चाप ओढताना माशी हलली, तर नळी कितीही लांब असून उपयोग नाही.

(१०/१५)
तिसरा धडा धक्क्याचा. १९१५ च्या वेब्ली मार्क ६ ला ६ इंची नळी होती, पण त्याचे .४५५ चे काडतूस दणदणीत. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश लष्कराला उमगले की अल्प प्रशिक्षणात साध्या सैनिकाला हे शस्त्र नीट चालवता येत नाही. म्हणून १९३२ मध्ये त्यांनी सौम्य .३८ चे एनफील्ड रिव्हॉल्व्हर स्वीकारले. सरावाने घडणाऱ्या हाताला मोठ्या काडतुसापेक्षा सोसवेल असे काडतूस अधिक शिकवते, हे लष्करालाही मान्य करावे लागले.

(११/१५)
आता आजच्या नियमांकडे येऊ. २५ मीटर प्रकारासाठी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने मर्यादा घातल्या आहेत: नळी जास्तीत जास्त १५३ मिमी, माशी-खाच अंतर २२० मिमी, वजन १४०० ग्रॅम, चापाचा ताण किमान १००० ग्रॅम, आणि संपूर्ण पिस्तूल ३०० × १५० × ५० मिमीच्या पेटीत मावले पाहिजे. १५३ मिमी म्हणजे जवळजवळ ६ इंच! जुनी 'आर्मी' नळी आजही नियमात बसली असती. खास नेमबाजीसाठी घडवलेली साडेसात इंची 'टार्गेट' मात्र बाद झाली असती. कोणते पिस्तूल 'उत्तम', हे आधी नियमपुस्तिका ठरवते आणि मग कारखाना.

(१२/१५)
भारतात नियमपुस्तिकेच्याही आधी कायदा येतो. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला, पण परवान्याची चौकट कायम राहिली. ९ मिमी हा बोअर सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहे. म्हणून नागरिकांसाठी कानपूरच्या सरकारी कारखान्यात .३२ चे रिव्हॉल्व्हर बनते. गंमत पाहा: तेच .३२ काडतूस जगभरातील सेंटर-फायर नेमबाज सर्वाधिक पसंत करतात, कारण त्याचा धक्का कमी आणि अचूकता मोठी. काडतूस स्पर्धेचे, पण आपले आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर स्वसंरक्षणाचे. त्यामुळे भारतीय नेमबाजाला स्पर्धेचे पिस्तूल परदेशातून आणावे लागते.

(१३/१५)
या अडचणींतूनही महाराष्ट्राच्या मुलींनी वाट काढली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात पुण्याच्या अनिसा सय्यद यांनी सुवर्ण, तर कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी रौप्य जिंकले. २०१३ मध्ये चांगवोनच्या विश्वचषकात राहींना सुवर्ण मिळाले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत बरोबरी झाली. निर्णयासाठी दोनदा शूट-ऑफ घ्यावा लागला आणि राही सुवर्ण घेऊन परतल्या. ही सर्व पदके .२२ बोअरच्या पिस्तुलाची आहेत. महिलांचा २५ मीटर प्रकार .२२ चाच असतो.

(१४/१५)
म्हणून बहिणीला दिलेले उत्तर असे: पाचही नको, सहाही नको. तो ९ मिमीचा प्रश्नच तुझ्या स्पर्धेचा नाही, आणि आपल्या कायद्याचाही नाही. तुझे पिस्तूल .२२ चे. त्यातही क्रम पाळ. आधी मूठ: तळहातात रिकामी जागा न सोडता बसते का? मग चाप: माशी न हलता सुटतो का? मग तोल: पन्नासाव्या गोळीला मनगट काय म्हणते? लांबी सर्वांत शेवटी, कारण ती नियमाने जवळजवळ ठरलेलीच आहे. आणि हे सारे क्लबच्या पिस्तुलावर काही महिने अनुभवल्याशिवाय मामांच्या पैशाला हात लावू नकोस.

(१५/१५)
ती थोडी हिरमुसली, मामा मात्र हसले. संध्याकाळी आम्ही तिघे किल्ल्याकडे गेलो. ढासळलेल्या तटापाशी उभे असताना मनात आले, की १८५९ मध्ये येथे शस्त्र हातातून गेले आणि निवडीचा हक्कही गेला. आज त्याच गावातील मुलगी आधी नियम वाचते, परवान्याची रीत समजून घेते आणि मग निवड करते. या निवडीला इतकी वर्षे लागली. त्यापुढे आणखी काही महिने थांबणे तिला जड जाणार नाही, असे वाटते.

तुमच्या गावातील किल्ल्याचे किंवा नेमबाजी क्लबचे अनुभव असतील, तर खाली अवश्य लिहा. धागा समाप्त. 🙏