‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

पुनरुत्थानाचा सण आटोपला की आमच्या धर्मग्रामात लग्नांची गडबड सुरू होते. विवाहसंस्काराच्या तयारीसाठी येणाऱ्या वधूवरांना काय वाचावयास द्यावे, हा प्रश्न येथे नागपुरात आम्हांला दरवर्षी पडतो. यंदा त्या निमित्ताने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ कपाटातून काढली आणि चारही भाग पुन्हा वाचले. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र. पण मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी ते कादंबरीच्या गोडीने वाचले आहे. गुरुविद्यालयात असताना आम्ही ते केवळ एका धर्मांतराची हकीकत म्हणून वाचले होते. टिळक प्रॉटेस्टंट, तेव्हा जरा अंतर राखूनच. आता ध्यानात येते की, हा मुळात एका संसाराचा इतिहास आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळील जलालपूरचा. १८५७ च्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाली, त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याने पछाडले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यावयाची नाही, असा तेथील खाक्या. अशा घरातली ही मुलगी अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांच्या पदरी पडली. सासरे करडे, पती बुद्धिमान, कवी आणि कमालीचे अस्थिर. न सांगता घर सोडावे, हातचा पैसा दुसऱ्याच्या गरजेला देऊन मोकळे व्हावे, क्षणात संतापावे आणि क्षणात विरघळावे, हा त्यांचा स्वभाव. पत्नीला अक्षरओळख करून दिली तीही त्यांनीच. पुढे त्याच अक्षरांनी तिने त्यांचे चित्र रेखाटले आणि त्यात एकही सुरकुती लपविली नाही.

या संसाराचा एक मुक्काम आमच्या नागपुरात पडला होता. येथील धनिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळक संस्कृत ग्रंथांच्या कामात गुंतले. ‘ऋषी’ हे मासिकही त्यांनी चालविले. नागपूरचे कॅथलिक धर्मप्रांत १८८७ सालीच स्थापन झाले होते. तथापि, शुभवर्तमान टिळकांच्या हाती आले ते कोणत्याही देवळात नव्हे. नागपूर सोडून नोकरीसाठी राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी बातमी पोहोचली तेव्हा लक्ष्मीबाईंवर जणू आकाश कोसळले. नवरा जिवंत असून नाहीसा झालेला. पदरी लहानगा दत्तू.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून एक गोष्ट पाहावी. १८६६ च्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाच्या कायद्यान्वये, ख्रिस्ती झालेल्या माणसाला धर्मांतरामुळे त्याच्या जोडीदाराने सलग सहा महिने टाकले, तर न्यायालयाकडे विवाहविच्छेद मागता येत असे. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील सातव्या अध्यायाच्या आधारे आमची ख्रिस्तसभाही अशा प्रसंगी विशिष्ट अटींवर मोकळीक देते. म्हणजे टिळकांना वाट उघडी होती. त्यांनी ती धरली नाही. ते पत्रे पाठवीत राहिले, वाट पाहत राहिले. ज्या माणसाला एका गावी वर्षभर टिकणे कठीण, तो या एका ठिकाणी अढळ राहिला.

परंतु एवढेच सांगून थांबलो तर आमच्या हातून अन्याय होईल; आणि असा अन्याय आमच्या हातून एकदा झालाही आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एक तरुण स्त्री आमच्याकडे आली. पती वरचेवर घर सोडून जाई, पगार घरी येत नसे. आम्ही तिला लक्ष्मीबाईंचे उदाहरण देऊन सोशिकतेवर प्रवचन ऐकविले. ती मुकाट्याने उठून गेली आणि पुन्हा आली नाही. आज ग्रंथ वाचताना कळते की, आम्ही चुकीचे उदाहरण दिले होते. लक्ष्मीबाई मुकाट्याने सोसणाऱ्या नव्हेतच. त्या रागावतात, भांडतात, टिळकांना तोंडावर सुनावतात आणि मग हसतात. त्या स्त्रीला आम्ही आधी बोलू द्यावयास हवे होते, आणि प्रवचन द्यावयाचेच तर ते तिच्या पतीला.

पतीकडे परतल्या त्याही लक्ष्मीबाई स्वतःच्या अटींवर. प्रथम त्यांचे सोवळे वेगळे, पाणी वेगळे. माणसामाणसांतील भेद देवाने केलेले नाहीत हे त्यांचे त्यांना उमगले, तेव्हा त्यांनी सर्वांच्या हातचे अन्नपाणी घेतले. आणि मग, १९०० साली, बाप्तिस्मा. पतीच्या मागे त्या फरफटत गेल्या नाहीत. स्वतःच्या पावलांनी त्याच ठिकाणी पोहोचल्या. १९१९ मध्ये टिळक वारले. त्यांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी साठांहून अधिक अध्याय लिहून पुढे नेले. वडिलांचे चरित्र लिहू इच्छिणाऱ्या मुलासाठी आठवणी सांगता सांगता ‘स्मृतिचित्रे’ जन्मास आली. १९३३ साली याच नागपुरात ख्रिस्ती साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान त्यांना लाभला. जेथे कधी काळी पतीच्या लहरीवर चूल पेटे किंवा विझे, तेथे त्या स्वतःच्या नावाने आल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले. चौथा भाग मुलाने, देवदत्ताने, पुरा केला.

२०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात कुटुंबातील प्रेमाविषयी विस्ताराने लिहिले. ते आम्ही वधूवरांना समजावून सांगतोच. यंदा त्यासोबत ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भागही देत आहोत. वधूला नव्हे, आधी वराला.