व्यसनमुक्तीनंतर परिचारिका नोंदणीची पुनर्स्थापना

व्यसनमुक्तीनंतर परिचारिका नोंदणीची पुनर्स्थापना म्हणजे दारू किंवा मादक द्रव्यांच्या व्यसनामुळे ज्या परिचारिकेचे वा परिचारकाचे नाव व्यावसायिक नोंदवहीतून कमी झाले, निलंबित झाले किंवा ज्यांनी परवाना स्वतःहून परत केला, त्यांना उपचारानंतर पुन्हा रुग्णसेवेची कायदेशीर अनुमती मिळण्याची प्रक्रिया होय. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत यासाठी स्वतंत्र कार्यक्रम आहेत. महाराष्ट्रात असा स्वतंत्र कार्यक्रम नाही. येथे हा प्रश्न परिचर्या परिषद, नोकरी देणारी संस्था आणि फौजदारी कायदा अशा तीन निरनिराळ्या ठिकाणी विभागला गेला आहे.

नोंदणीचे स्वरूप

परिचर्या हा महाराष्ट्रात नोंदणीकृत व्यवसाय आहे. शिक्षण पूर्ण केल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव दाखल झाल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. या परिषदेचा आजचा आधार महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ हा आहे. त्यापूर्वी मुंबई प्रांतात १९३५ चा नोंदणी कायदा होता. प्रशिक्षणाची परंपरा त्याहून जुनी आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ साली प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांना परिचर्येच्या इतिहासात पहिल्या प्रशिक्षित भारतीय परिचारिका मानतात, आणि त्या ठाण्याहून आल्या होत्या.

देशपातळीवर भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने स्थापन झाली. राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोग अधिनियम, २०२३ या नव्या कायद्यात तिच्या जागी राष्ट्रीय आयोग, राज्य आयोग आणि नीती व नोंदणी यांसाठी वेगळे मंडळ अशी रचना योजिली आहे. दरम्यानच्या काळात परिचारिकांची राष्ट्रीय पातळीवरील संगणकीय नोंद सुरू झाली असून प्रत्येकीला एक कायम क्रमांक मिळतो. पूर्वी एका राज्यात नाव गेले तरी दुसऱ्या राज्यात जाऊन काम मिळवण्याची पळवाट काहींना सापडत असे. कायम क्रमांकामुळे ती अरुंद झाली आहे.

नोंदणी ‘संपणे’ आणि नोंदणी ‘काढून घेतली जाणे’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हा भेद पुष्कळांच्या लक्षात येत नाही, म्हणून तो येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. उपचारांच्या काळात जिने केवळ नूतनीकरण केले नाही, तिचे प्रकरण मुख्यतः अर्ज, विलंब शुल्क आणि शिक्षणाचे तास पूर्ण करण्याचे असते. गैरवर्तनाच्या चौकशीनंतर जिचे नाव परिषदेने काढले, तिला मात्र परिषदेकडूनच नव्याने निर्णय मिळवावा लागतो.

व्यवसायाशी निगडित जोखीम

व्यसन कोणत्याही व्यवसायात आढळते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र शासनासाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्य घेतात. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे १.६ टक्के आहे. अफूजन्य द्रव्ये घेणाऱ्यांचे प्रमाण २.१ टक्के आढळले. परिचारिकांच्या बाबतीत या सर्वसाधारण जोखमीत आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे औषध हाताशी असणे. मॉर्फिन, फेंटानिल, पेथिडीन, पेंटाझोसिन (रुग्णालयात ‘फोर्टविन’ या नावाने परिचित) आणि झोपेची इंजेक्शने त्यांच्या रोजच्या कामातील वस्तू असतात. टोचण्याचे कौशल्य असते, मात्रेचे ज्ञान असते, आणि त्या ज्ञानामुळेच ‘आपल्याला हे सांभाळता येईल’ असा भ्रम उत्पन्न होतो. सुरुवात पुष्कळदा पाठदुखी, अर्धशिशी किंवा लागोपाठच्या रात्रपाळ्यांनंतर न येणारी झोप अशा साध्या कारणाने होते. पेंटाझोसिन दीर्घकाळ टोचून घेणाऱ्यांच्या मांड्या व दंड दगडासारखे कठीण होतात, त्यावर न भरणाऱ्या जखमा होतात. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांची जी वर्णने आहेत, त्यांत आरोग्यसेवेतील कर्मचारीही आहेत.

वॉर्डातील व्यवस्था हा दुरुपयोग रोखण्यासाठीच आखलेली असते. गुंगीची औषधे दुहेरी कुलपाच्या कपाटात ठेवतात. पाळी बदलताना जाणारी आणि येणारी सिस्टर मिळून अँप्यूल मोजतात व नोंदवहीत सह्या करतात. उरलेले औषध साक्षीदारासमोर टाकून द्यायचे असते आणि नवे अँप्यूल मिळण्यासाठी रिकामे परत करायचे असते. दोष आढळतो तो बहुधा या नोंदींतच. एकाच व्यक्तीच्या पाळीत औषध अधिक लागणे, टाकलेल्या औषधापुढे साक्षीदाराची सही नसणे, वेदनाशामक दिल्याची नोंद असूनही रुग्ण रात्रभर कण्हत असणे, ही त्याची चिन्हे होत. यांतील शेवटचे चिन्ह सर्वांत गंभीर आहे, कारण तेथे आजारी परिचारिकेच्या दुःखाची किंमत दुसऱ्याच एका दुखणेकऱ्याने मोजलेली असते. पुनर्स्थापनेच्या कोणत्याही विचारात हा रुग्ण नजरेआड करता येत नाही.

कायदेशीर बाजू

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस कायदा) याच्या कलम २७ नुसार मादक द्रव्याचे सेवन हाही गुन्हा आहे. मॉर्फिन, हेरॉइन, कोकेन यांसारख्या द्रव्यांसाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु याच कायद्यात व्यसनी व्यक्तीसाठी दोन दारे उघडी ठेवली आहेत. कलम ३९ नुसार न्यायालय शिक्षेऐवजी उपचारांसाठी मुक्त करू शकते. कलम ६४ (अ) नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील द्रव्याच्या गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासनमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते.

येथे एक अडचण आहे. रुग्णालयाच्या कपाटातून औषध घेणे ही केवळ सेवनाची बाब राहत नाही. मालकाच्या वस्तूची नोकराने केलेली चोरी हा वेगळा गुन्हा असून पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३८१ मध्ये होता, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ मध्ये आहे. कलम ६४ (अ) चे संरक्षण त्याला लागू होत नाही. त्यामुळे स्वतःहून कबुली देणारी परिचारिका सेवनाच्या आरोपातून सुटते, पण चोरीच्या आरोपात सापडते. प्रत्यक्षात अनेक संस्था पोलिसांत न जाता राजीनामा लिहून घेतात. हा मार्ग दोघांनाही सोयीचा वाटतो, परंतु त्यातून ना उपचार होतात ना नोंद राहते. काही महिन्यांनी तीच व्यक्ती दुसऱ्या नर्सिंग होममध्ये तशाच कपाटाच्या किल्ल्या सांभाळत असते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मद्य व मादक द्रव्यांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला. त्यामुळे उपचारांचा हक्क आणि माहितीच्या गोपनीयतेचा हक्क व्यसनाच्या रुग्णालाही मिळतो. व्यसनाकडे अपराध म्हणून पाहायचे की आजार म्हणून, या प्रश्नावर १९८५ आणि २०१७ चे कायदे दोन निराळ्या दिशांना तोंड करून उभे आहेत.

ठाणे परिसरातील स्थिती

ठाणे, कळवा, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यात परिचारिकांची संख्या मोठी आहे. कळव्यात ठाणे महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्यास जोडलेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. याशिवाय शेकडो खासगी रुग्णालये आणि नर्सिंग होम आहेत. महापालिकेच्या सेवेतील परिचारिकेवरील शिस्तभंगाची कारवाई महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ व त्याखालील सेवानियमांनुसार होते. तीत आरोपपत्र, विभागीय चौकशी आणि अपील असे टप्पे असतात. छोट्या खासगी रुग्णालयात यांपैकी काहीही नसते. तेथे ‘उद्यापासून येऊ नका’ एवढ्यावर काम भागते. एकाच दोषासाठी दोन परिचारिकांच्या वाट्याला येणारे भवितव्य अशा प्रकारे नोकरी कोणाकडे आहे यावर ठरते.

उपचारांच्या दृष्टीने मात्र हा परिसर सुदैवी आहे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून कार्यरत आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (आय.पी.एच.) या संस्थेने मनोविकारांविषयीची लाज कमी करण्याचे मोठे काम केले आहे. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या आर्थिक पाठबळावर सुरू केले. तेथे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा उपनगरी पट्ट्यात मराठीतूनही भरतात. केंद्र शासनाची १४४४६ ही निःशुल्क मदतवाहिनी आहे. स्त्री-रुग्णांची अडचण निराळीच असते. पिणारा पुरुष घराला नवा नसतो. इंजेक्शन घेणारी सून, आणि तीही सिस्टर, ही गोष्ट घरातच झाकली जाते, आणि उपचार काही वर्षे लांबतात.

पुनर्स्थापनेची प्रक्रिया

नाव पुन्हा दाखल करण्याचा अर्ज परिषदेकडे करावा लागतो. व्यसन हे कारण असेल तर अर्जाचे बळ पुराव्यांवर अवलंबून असते. व्यसनमुक्ती केंद्रातील उपचारांचा सारांश, मनोविकारतज्ज्ञाचे कामासाठी योग्य असल्याचे प्रमाणपत्र, पाठपुराव्याच्या भेटींची नोंद, लघवीच्या तपासण्यांचे अहवाल आणि फौजदारी प्रकरण असल्यास त्याच्या निकालाची प्रत ही त्यांतील महत्त्वाची कागदपत्रे होत. म्हणूनच उपचार सुरू झाल्याच्या दिवसापासून कागद जपून ठेवावेत असे समुपदेशक सांगतात. तपासणीचे अहवाल मागाहून निर्माण करता येत नाहीत. परिषदेपुढे बाजू मांडण्याची संधी मिळणे हा नैसर्गिक न्यायाचा भाग आहे. ती नाकारली गेल्यास किंवा निर्णय मनमानी वाटल्यास राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.

नोंदणी परत मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असे नव्हे. परत येणाऱ्या परिचारिकेला आरंभी अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह किंवा भूलविभाग देऊ नये, गुंगीच्या औषधांच्या किल्ल्या तिच्याकडे नसाव्यात आणि एकटीची रात्रपाळी टाळावी, हे तत्त्व इतर देशांत रूढ आहे. बाह्यरुग्ण विभाग, लसीकरण, शालेय आरोग्य, अध्यापन ही कामे त्या दृष्टीने सोयीची ठरतात. या अटी शिक्षेसारख्या वाटल्या तरी त्या तिच्या संरक्षणासाठीही असतात. अँप्यूल हरवले की संशय प्रथम तिच्यावरच येणार असतो.

अन्य देशांतील पद्धती

अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९८२ मध्ये व्यसनग्रस्त परिचारिकांना शिक्षेआधी उपचारांची संधी द्यावी असा ठराव केला. पाठोपाठ फ्लोरिडा राज्यात अशा स्वरूपाचा पहिला कार्यक्रम सुरू झाला, आणि आज बहुतेक राज्यांत शिस्तभंगाला पर्यायी असे कार्यक्रम आहेत. त्यांत साधारणतः तीन ते पाच वर्षे अचानक तपासण्या, स्वमदत गटातील उपस्थिती आणि कामाच्या जागी देखरेख असते. न्यूयॉर्कमध्ये परवाना तात्पुरता परत करण्याची गोपनीय सोय आहे. रुग्णाला इजा झालेली नसेल तर उपचारानंतर तो परत मिळतो. इतरत्र कारवाई टाळण्यासाठी केलेला ‘स्वेच्छा त्याग’ शिस्तभंगाच्या नोंदीत जातो आणि तो राष्ट्रीय माहितीसंग्रहात कायम दिसतो. घाईने सही करणाऱ्या अनेकींना हे नंतर समजते. ब्रिटनमध्ये नोंदवहीतून नाव काढून टाकल्यास पाच वर्षांपर्यंत पुनःप्रवेशाचा अर्ज करता येत नाही.

हा तपशील ठाणे-कल्याणच्या परिचारिकांनाही लागू पडतो, कारण त्यांतील पुष्कळजणी आखाती देश, ब्रिटन व अमेरिकेत जातात. परदेशातील मंडळ मूळ परिषदेकडून ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र मागवते, आणि अर्जात पूर्वीच्या कारवाईविषयी थेट प्रश्न असतो. नोंदणी परत मिळवलेल्या परिचारिकेने तेथे खरे उत्तर द्यावे लागते. लपवलेली कारवाई उघडकीस आल्यास नवा परवाना त्या लपवण्यापायीच जातो, मग मूळ व्यसन कितीही वर्षांपूर्वी सुटलेले असो.