निवडुंगाच्या जाळीतील वाघ : खानदेशातल्या एका नशीबवान नेमाची गोष्ट

१८२५ चा उन्हाळा. खानदेशातील एका टेकडीच्या उतारावर, निवडुंगाच्या जाळीत वाघ बसल्याची खबर चिमा नावाच्या शिकाऱ्याने आणली. दोन शिकारी निघाले. एक घोड्यावर, दुसरा पायी. पायी निघालेल्याचे नाव जेम्स आउट्रम, वय अवघे बावीस.

जाळीजवळ पोहोचताच घोडेस्वाराने बार काढला आणि तो चुकला. डरकाळी फोडून वाघाने झेप घेतली, ती मात्र आउट्रमवर. माणूस आणि वाघ एकमेकांत गुंतून उतारावरून गडगडत खाली गेले. क्षणभर पंजाची पकड सुटली, आउट्रमने जवळचे पिस्तूल ओढले आणि चाप दाबला. वाघ जागीच ठार झाला.

या नेमात कौशल्य किती आणि नशीब किती? त्या काळची शस्त्रे ठासणीची असत. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, एक बार उडाला की पुन्हा सारा खटाटोप. वाघासमोर दुसरी संधी जवळपास नसेच. चकमकीच्या पिस्तुलात तर कानातली दारू सांडली किंवा ओलसर झाली, तरी बार फुसका जाई. एवढ्या लोळणफुगडीनंतर ते पिस्तूल उडाले, हाच खरा चमत्कार. नेम धरण्याचा प्रश्न त्या अंतरावर उरलाच नव्हता.

पण आउट्रम खानदेशात शिकारीसाठी आला नव्हता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीकडे आला, तेव्हा सातमाळा व सातपुड्याच्या डोंगरांत भिल्ल नाईकांची सत्ता होती. कंपनीने तुकड्यांमागून तुकड्या पाठवल्या. भिल्ल हटले नाहीत. अखेर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत धोरण बदलले आणि १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभारण्याचे ठरले. हे काम आउट्रमकडे आले. धरणगाव हे या पलटणीचे ठाणे. आरंभी भरती झाले ते केवळ पाच जण. नाईकांसोबत एकट्याने रानात राहून, त्यांना भरपूर ब्रँडी पाजून आपण त्यांचा विश्वास संपादन केला, असे आउट्रमनेच नमूद केले आहे.

या पार्श्वभूमीवर त्या गोळीचे मोल कळते. जखमी साहेब पाहून भिल्ल हळहळले. त्यावर मांजराने ओरबाडल्याची कसली फिकीर, अशा अर्थाचे काहीतरी तो म्हणाला. हे वाक्य पुढे अनेक वर्षे भिल्लांच्या तोंडी राहिले, असे त्याचा चरित्रकार गोल्डस्मिड सांगतो. पिस्तूल फुसके गेले असते, तर पलटण कदाचित दुसऱ्या कोणी उभारली असती; आउट्रमची दंतकथा मात्र झाली नसती.

दंतकथेला पुढे भर पडत गेली. एकदा भिल्लांनी पागोटी एकमेकांना बांधून त्याला झाडाच्या फांदीवरून खाली सोडले आणि लोंबकळतच त्याने वाघ टिपला, अशीही हकीकत आहे. असल्या कथा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : लागलेल्या गोळ्यांची चरित्रे होतात, चुकलेल्यांची होत नाहीत. पागोट्यांच्या गाठी कोणी मारल्या, वजन कोणी पेलले, याची नोंद तर त्याहून विरळ. चिमाचे नाव उरले हेच नवल.

वाघ तेव्हा कंपनीच्या दृष्टीने उपद्रवी जनावर होता आणि ते निव्वळ निमित्त नव्हते. १८२२ या एकाच वर्षी खानदेशात हिंस्र पशूंनी ५०० माणसे आणि २०,००० गुरे मारल्याचे जुने गॅझेटियर सांगते. त्यामुळे वाघ मारणारा साहेब गावाला उपकारकर्ता वाटे. तोच साहेब उद्या रानातल्या नाईकाचाही माग काढणार असे, हा भाग निराळा. १८३० मध्ये याच भिल्ल शिपायांना घेऊन आउट्रम डांगवर चालून गेला.

शिकारीच्या नशिबाचा दुसरा मासला याच परिसरातला. २८ एप्रिल १८१९ रोजी वाघाच्या मागावर निघालेल्या जॉन स्मिथला वाघूर नदीच्या घळीत अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. ती अजून आहे.

आउट्रमने १८३५ मध्ये खानदेश सोडला. पुढे १८५७ च्या लखनौमुळे तो प्रसिद्ध झाला. ज्या जळगाव-धुळ्यात वाघ एके काळी सर्वत्र होता, तिथे आज त्याच्या वावराची चर्चा होते ती मुख्यतः मुक्ताईनगरकडच्या डोलारखेडा-वढोदा भागात, आणि तेथे तो कधी कधी केळीच्या बागांतही आढळतो.