पेंडेवरची नारिंगी बुरशी

घाण्यातून भुईमुगाचे तेल काढले की मागे पेंड उरते. आपल्याकडे ती गाईम्हशींच्या दावणीला जाते. इंडोनेशियातील जावा बेटावर मात्र हीच पेंड माणसांच्या पानात येते. पण त्याआधी तिच्यावर बुरशी वाढवावी लागते.

पश्चिम जावात या पदार्थाला 'ओंचोम' म्हणतात. पेंड फोडून दिवसभर पाण्यात भिजवायची, टॅपिओकाचा चोथा मिसळून वाफवायची, वड्या थापून त्यांवर जुन्या ओंचोमची पूड भुरभुरायची आणि केळीच्या पानांखाली सावलीत ठेवायची. एकदोन दिवसांत वड्यांवर नारिंगी मखमल चढते. टोफू करताना उरणारा सोयाबीनचा चोथाही असाच वापरतात. बुरशीची विकरे पेंडेतील चिवट तंतू व प्रथिने तोडतात. पेंड मऊ आणि रुचकर होते. आपण दुधाला विरजण लावतो तसेच हे, फक्त जिवाणूंच्या जागी बुरशी.

१९०१ साली वेंट या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने जावातील या बुरशीवर निबंध लिहिला. युरोपची तिच्या भाईबंदांशी ओळख आधीच झाली होती, पण चोर म्हणून! १८४२ च्या दमट उन्हाळ्यात त्यांनी पॅरिसच्या भटाऱ्यांचे पाव नासवले होते. १९२७ मध्ये शिअर आणि डॉज यांनी या प्रजातीला 'न्यूरोस्पोरा' हे नाव दिले. तिच्यातल्याच एका जातीवर बीडल व टेटम यांनी १९४१ मध्ये जनुक आणि विकर यांचा संबंध दाखवला व १९५८ चे नोबेल मिळवले. वर्गात हा प्रयोग आपण शिकवतो. त्या बुरशीची सख्खी बहीण जावाच्या बाजारात वडी होऊन विकली जाते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

याच कलेची दुसरी बाजू मध्य जावात दिसली. बान्युमास भागात खोबऱ्याच्या पेंडेपासून 'टेंपे बोंक्रेक' करीत. येथे बुरशी वेगळी, ऱ्हायझोपस. तिने पेंड वेळेत व्यापली नाही, तर एक जिवाणू तेथे बस्तान बसवतो आणि बोंक्रेकिक आम्ल तयार करतो. हे विष पेशीतील तंतुकणिकांमधून एटीपी बाहेर पडू देत नाही. पेशीला ऊर्जा मिळणे थांबते. शिजवूनही ते नष्ट होत नाही. १९३० नंतरच्या मंदीत विकतचे बोंक्रेक परवडेना, म्हणून लोक ते घरीच करू लागले आणि विषबाधा वाढल्या. टाकाऊतून अन्न काढण्याची वेळ मुख्यतः गरिबांवर येते आणि कसबी हात सोबत नसला की चुकीची किंमतही तेच मोजतात. मर्टेन्स आणि व्हान व्हेन यांनी त्याच दशकात जिवाणू व विष शोधून काढले. पेंड आंबट असेल तर हा जिवाणू वाढत नाही, हेही कळले. आपल्या आंबुशीच्या जातकुळीतला पाला पेंडेत मिसळणे हा त्यावरचा साधा उपाय. तरीही १९५१ ते १९७५ या काळात सुमारे ८५० माणसे दगावली. १९८८ मध्ये सरकारने बोंक्रेकवर बंदी घातली.

ओंचोम मात्र टिकले. २०२४ मध्ये त्यातील न्यूरोस्पोराच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चोथ्यावर वाढणारे वाण रानातल्या वाणांपासून वेगळे पडलेले आढळले. म्हणजे माणसाने गहू, कुत्रा माणसाळवला, तशीच ही बुरशीही. सुमारे ३० प्रकारच्या शेतमालाच्या अवशेषांवर ती वाढली, आणि विष कोठेही सापडले नाही.