हजेरीपटातील इतिहास

जून महिन्यात प्रवेशाचे अर्ज भरून घेण्याचे काम आम्हा शिक्षकांकडे असते. यंदा एक पालक मुलाला घेऊन आले आणि टेबलापाशी वाकून हळूच म्हणाले, "सर, शिकलगार नका लिहू. नुसतं शेख लिहा. पोरं चिडवतात त्याला." दाखल्यावर असेल तेच लिहावे लागते, असे सांगून मी वेळ मारून नेली. रांग मोठी होती. त्यांना जे सांगायचे राहिले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्वच पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडतो.

वाचकहो, शिकलगार या शब्दात दोन भाषा नांदतात. अरबीत 'सैकल' म्हणजे घासून चकाकी आणणारा, आणि 'गार' हा जादूगार शब्दात दिसतो तोच 'करणारा' या अर्थाचा फार्सी प्रत्यय. हत्याराला धार व चकाकी आणणे म्हणजे शिकल करणे. आपल्याकडच्या पावसाळ्यात पोलाद गंजायला किती दिवस लागतात हे घरातल्या विळीलाही ठाऊक असते. तेव्हा ज्या ज्या किल्ल्यावर शिलेखाना होता, तिथे शिकलगारावाचून चालणे शक्यच नव्हते. कुरुंदाची पूड लाखेत घोळून केलेली साण हे त्याचे मुख्य साधन. तलवार घडविणारा लोहार निराळा. पण गंजलेली तलवार पुन्हा कामाची व्हायची ती शिकलगाराच्या हातून. पुढे इंग्रजी अमलात 1878 चा शस्त्रकायदा आला, परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना, आणि साणेवर तलवारींच्या जागी कात्र्या, सुऱ्या, अडकित्ते आले. मुले चिडवतात ती या शेवटच्या अवस्थेला. आधीची अवस्था त्यांना कोणी सांगितलेलीच नसते.

आता हजेरीपटावरची आणखी दोन नावे घ्या. पिंजारी आणि नदाफ. ही दोन निराळी घराणी वाटतात. पण धंदा एकच, कापूस पिंजण्याचा. पिंजारी हे नाव 'पिंजणे' या आपल्या मराठी क्रियापदावरून आले, तर अरबीत कापूस पिंजणाऱ्याला 'नद्दाफ' म्हणतात. एकाच धनुकलीचा टणत्कार, एका गावी मराठीत ऐकू आला, दुसऱ्या गावी अरबीत!

मणियार या नावाने तर मला स्वतःलाच चकविले होते. बांगड्यांचा व्यापार बहुधा आपल्या समाजाकडे, म्हणून हा शब्दही अरबी-फार्सी असावा अशी माझी समजूत होती. तो निघाला संस्कृत 'मणिकार'. उलट चिटणीस, फडणीस ही हिंदू घराण्यांची आडनावे पाहा. त्यांतला 'नीस' म्हणजे फार्सी 'नवीस', लिहिणारा. शब्दाला जात-धर्म विचारायला गेलेला माणूस असा हमखास तोंडघशी पडतो.

असाच एक शब्द स्वयंपाकघरातला, कल्हई. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, म्हणून आतून कथलाचा हात द्यायचा. भांडे तापवून त्यात नवसागर टाकायचा, धूर उठला की कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने चटकन पुसून घ्यायचे. बघता बघता भांडे आतून चांदीसारखे होते. अरबीत कथलाला 'कलई' म्हणतात. अरब भूगोलकारांनी मलाया द्वीपकल्पातील ज्या 'कलाह' बंदराचा उल्लेख केला आहे, तेथून हा धातू येई, म्हणून त्याला हे नाव पडले. म्हणजे धातू मलायाचा, नाव अरबी, हात बहुधा मुसलमान कारागिराचा आणि भांडे साऱ्या गावाचे. ज्या घरात सोवळे-ओवळे कडक पाळले जाई, त्या घरातही भांड्यांना कल्हई लागतच होती.

विद्यार्थ्यांनी एक प्रसंग अवश्य ध्यानात ठेवावा. 1674 च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' तयार करविला. राज्यकारभारात रूढ झालेल्या फार्सी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले होते. स्वतःचे राज्य उभारणाऱ्या राजाने आपल्या दरबाराची भाषा घडवावी, हे त्याला शोभणारेच होते. मात्र भट्टी, साण, माग यांच्यापाशी बसलेल्या माणसाची भाषा हुकमाने बदलत नाही, कारण तिथे शब्द हत्याराला चिकटलेला असतो. कागद, शाई, कलम, अस्तर हे शब्द तेव्हाही राहिले, आजही आहेत. 1925 साली माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध केला. शाळेच्या ग्रंथालयात तो असल्यास जरूर चाळावा. आपण रोज जे बोलतो, त्यातले कितीतरी त्यात सापडते.

आणि एक शब्द खास आपल्या घरांसाठी. औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) हिमरूबरोबर मशरू नावाचे कापड विणले जाई. पुरुषाने अंगाला रेशीम लावू नये असा धर्मनियम. विणकरांनी असे कापड काढले की, वरून रेशीम झळकावे आणि अंगाला मात्र सूत लागावे. 'मशरू' याचा अर्थच 'शरीअतला मान्य'. फिकहचा असा मसला मागावर सोडविणाऱ्या विणकराला अडाणी म्हणण्याचे धाडस मला तरी होत नाही.

पहिल्या चाचणीनंतरच्या पालकसभेला ते शिकलगार पालक आले होते. मी सहज विचारले, "घरी जुनी साण आहे का हो?" ते जरा बिचकले, मग म्हणाले, "माळ्यावर आहे सर, अब्बांची. पट्टा तुटलाय." इयत्ता 7 वीच्या इतिहासाच्या तासाला ती आणण्याचे त्यांनी कबूल केले आहे. पट्टा मी बसवून घेणार आहे.